बेकरी ओव्हनचा बोर्ड: हाताळणी आणि बदली, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या भागांतल्या बेकरीवाल्यांसाठी, हॉटेलवाल्यांसाठी आणि त्यांच्या ओव्हनला हात लावणाऱ्या वायरमन-मिस्त्रींसाठी आहे. कोणी कार्ड म्हणतं, कोणी किट, कोणी पीसीबी; इथे सगळीकडे ‘बोर्ड’ म्हटलं आहे. डेक ओव्हन, रोटरी रॅक, कन्व्हेक्शन आणि पिझ्झाचा कन्व्हेयर ओव्हन या सगळ्यांना बहुतेक उत्तरं लागू पडतात. आमचा हट्ट एकच आहे: जुना बोर्ड कशानं गेला हे कळल्याशिवाय नवा बसवू नका. ज्या कारणानं पहिला गेला, त्याच कारणानं दुसराही जातो, आणि तेव्हा वॉरंटी मिळत नाही.

ओव्हन बंद पडला. बोर्डच गेला हे कसं ओळखायचं?

बोर्डावर संशय सगळ्यात शेवटी घ्या. आधी बोर्डापर्यंत वीज येते का ते बघा. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० व्होल्टच्या आसपास मिळायला हवेत. टेस्टरचा दिवा लागला म्हणजे झालं असं समजू नका. टेस्टर फक्त फेज दाखवतो. न्यूट्रल तुटलेला असला तरी तो लागतोच. मल्टिमीटरच घ्या.

त्यानंतर फ्यूज, दाराचा स्विच, हाताने रीसेट करायचा सेफ्टी थर्मोस्टॅट आणि फॅन मोटरचा ओव्हरलोड तपासा. सेफ्टी थर्मोस्टॅटचं लाल किंवा काळं छोटं बटण बऱ्याचदा मागच्या पत्र्यात टोपीखाली लपलेलं असतं. ते उडालं की डिस्प्ले चालू राहतो, सेटिंग बदलता येतं, पण हीटर तापत नाही. हे लक्षण बघून चांगला बोर्ड भंगारात काढणारे कमी नाहीत.

एवढं सगळं ठीक असेल तर बोर्डाच्या आउटपुटवर या. पॅनेलवर हीटरचा दिवा लागलाय, रिलेचा ‘टक’ आवाज येतोय, कॉन्टॅक्टरच्या (हीटरची वीज चालू-बंद करणाऱ्या मोठ्या स्विचच्या) कॉइलवर व्होल्टेज पोचतंय, तरी कॉन्टॅक्टर ओढत नाही? मग दोष कॉन्टॅक्टरमध्ये आहे. रिले वाजतो पण पुढे व्होल्टेज जात नाही, तर रिलेचे पॉइंट जळालेत. इनपुट बरोबर, फ्यूज शाबूत, तरी डिस्प्ले मिटलेला, तर बोर्डाचा पॉवर सप्लाय गेला.

डिस्प्लेवर तापमान भलतंच येतं. बोर्ड बदलू का?

आधी सेन्सर बघा. आपल्याकडच्या ओव्हनमध्ये दोनच प्रकार जास्त दिसतात: के टाइप थर्मोकपल (दोन धातूंच्या तारांचा, तापला की मिलिव्होल्ट देणारा) आणि पीटी १०० (तापला की ओहम वाढणारा).

पीटी १०० बोर्डावरून सोडवा आणि ओहम मोजा. २५ अंशांना सुमारे ११० ओहम, १०० अंशांना १३८.५ आणि २०० अंशांना जवळपास १७६ यायला हवेत. यापेक्षा फार वेगळा आकडा आला तर सेन्सर किंवा त्याची वायर खराब आहे.

थर्मोकपल अंशामागे सुमारे ४१ मायक्रोव्होल्ट देतो. टोक २०० अंशांवर आणि टर्मिनल २५ अंशांवर असेल तर मीटरवर साधारण ७.१ मिलिव्होल्ट दिसतात. त्याची तार तुटली तर बहुतेक कंट्रोलर एरर दाखवतात आणि हीटर बंद करतात. वायरी उलट लागल्या तर ओव्हन तापतो तसा आकडा खाली जातो. इथे रंग फसवतात. अमेरिकन पद्धतीच्या थर्मोकपलमध्ये लाल वायर निगेटिव्ह असते आणि पिवळी पॉझिटिव्ह. आंतरराष्ट्रीय पद्धतीच्या के टाइपमध्ये हिरवी पॉझिटिव्ह आणि पांढरी निगेटिव्ह.

आणखी एक नेहमीचा घोटाळा: थर्मोकपलची वायर आखूड पडली म्हणून साधी तांब्याची वायर जोडायची. जोड गरम जागी असेल तर आकडा तेवढा चुकतो. भट्टीच्या पाठीमागे ७० अंश आणि पॅनेलमध्ये ४० अंश असतील, तर ३० अंशांचा फरक तिथेच पडतो. के टाइपचीच जोडवायर वापरा.

ओव्हन तापायचा थांबतच नाही. हे धोक्याचं आहे का?

हो. मेन बंद करा, मग पुढे वाचा.

कॉन्टॅक्टरचे पॉइंट एकमेकांना चिकटले की असं होतं. सॉलिड स्टेट रिले (पॉइंट नसलेला इलेक्ट्रॉनिक रिले) असलेल्या ओव्हनमध्ये तो आतून शॉर्ट होतो. हा रिले जातो तेव्हा बहुतेक वेळा ‘चालू’ अवस्थेतच जातो, हे ध्यानात ठेवा. बोर्ड ‘बंद’ म्हणतो, डिस्प्लेवरचा दिवा विझतो, आणि हीटर पेटलेलाच राहतो. नवा बोर्ड बसवून यात काडीचा फरक पडत नाही.

सॉलिड स्टेट रिले उष्णतेनं मरतो. चालू असताना त्याच्यावर साधारण एक ते दीड व्होल्ट पडतात; म्हणजे २५ अँपिअरला २५ ते ३७ वॉट उष्णता त्या काडेपेटीएवढ्या तुकड्यात तयार होते. हीटसिंक नाही, थर्मल पेस्ट सुकलेली, त्यावर पिठाचा थर, आणि ‘४० अँपिअरचा आहे’ म्हणून ३५ अँपिअरचा लोड, असा संसार टिकत नाही. प्रत्यक्ष लोडच्या निदान दीडपट क्षमतेचा घ्या आणि हीटसिंकसह घ्या. तपासताना लोड सोडवून मोजू नका. बंद अवस्थेतही त्यातून थोडा करंट गळतो, म्हणून उघड्या टर्मिनलवर पूर्ण व्होल्टेज दिसतं आणि चांगला रिले खराब ठरतो.

अशा वेळी ओव्हन वाचवतो तो सेफ्टी थर्मोस्टॅट. तो कोणी थेट जोडून ठेवला असेल तर पहिलं काम तो पूर्ववत करण्याचं.

हात घालण्यापूर्वी वीज कशी तोडायची?

एमसीबी खाली केला, एवढ्यावर थांबू नका. ओव्हनचा मेन आयसोलेटर बंद करा, त्याला कुलूप लावा, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवा. आयसोलेटरवर पाटी लावा, ‘चालू करू नका’, आणि खाली कन्नडमध्ये ‘चालू माडबेडि’. पहाटेच्या पाळीला येणारा कारागीर कुठली भाषा वाचेल ते सांगता येत नाही.

मग मीटर आधी चालू सॉकेटवर तपासा, नंतर ओव्हनच्या टर्मिनलवर, आणि परत एकदा चालू सॉकेटवर. मधल्या काळात मीटरच बंद पडला नव्हता ना, हे त्यातून कळतं.

आपल्या भागात एक खास सापळा आहे: इन्व्हर्टर. लाइट गेल्यावर टायमर पुसला जाऊ नये म्हणून काही ठिकाणी कंट्रोलची वायर इन्व्हर्टरवर घेतलेली असते. मेन बंद, हीटर थंड, पण बोर्डावर २३० व्होल्ट तसेच. जनरेटरचा चेंजओव्हर स्विचही बघून घ्या.

वीज तोडल्यावरही पॉवर सप्लायच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये सुमारे ३२५ व्होल्ट उरतात. पाच-दहा मिनिटं थांबा आणि मोजा. उरलेच असतील तर १० किलोओहम, १० वॉटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपांनी लावा. ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर अर्ध्या मिनिटात उतरतो. स्क्रूड्रायव्हर टेकवून ठिणगी काढण्याची सवय सोडा. त्यात कपॅसिटर जातो, ट्रॅक उडतो, कधी डोळा जातो. फॅनला वेग बदलणारी ड्राइव्ह असेल तर तिच्यावर लिहिलेला वेळ पाळा. तीन फेजच्या ड्राइव्हमध्ये ५५० व्होल्टच्या वर डीसी साठलेला असतो.

स्टॅटिकची (अंगावर साठणाऱ्या स्थिर विजेची) भीती खरी आहे, की कंपनीवाले उगाच सांगतात?

खरी आहे. माणसाला चटका जाणवतो तो साधारण ३,००० व्होल्टच्या पुढे. बोर्डावरची काही चिप १०० व्होल्टच्या आतही दुखावते. म्हणजे तुम्हाला काहीच कळलं नाही तरी नुकसान झालेलं असतं. त्यातही ती लगेच मरत नाही. दोन-तीन महिने चालते आणि ऐन सणात दगा देते.

खानापूर-जांबोटीच्या पावसात हा त्रास कमी. अथणी-रायबागच्या कोरड्या उन्हाळ्यात, नायलॉनचा शर्ट आणि प्लास्टिकची खुर्ची असेल तर भरपूर. मनगटाचा पट्टा वापरा. त्यात १ मेगओहमचा रेझिस्टर असतो, तो तुमच्या जिवासाठी आहे. पट्ट्याऐवजी नुसती तार मनगटाला गुंडाळू नका. पट्टा ओव्हनच्या रंग नसलेल्या, अर्थ केलेल्या पत्र्याला लावा, आणि तोही वीज तोडल्यावरच. चालू पॅनेलमध्ये काम करताना पट्टा नको.

बोर्ड नेहमी कडांनी धरा. चंदेरी पिशवी बोर्ड बसवायच्या क्षणापर्यंत फोडू नका. गुलाबी पिशवी स्वतः स्टॅटिक तयार करत नाही, पण बाहेरच्या स्टॅटिकपासून वाचवत नाही. वाहतुकीला चंदेरीच हवी. साध्या प्लास्टिकच्या पिशवीत किंवा थर्माकोलमध्ये दिलेला बोर्ड आम्ही घेणार नाही.

नवा बोर्ड बसवताना काय क्रम ठेवावा?

सुरुवात जुना बोर्ड जागेवर असतानाच होते. मोबाइलवर फोटो काढा: एक पूर्ण पॅनेलचा, एकेक कनेक्टरचा जवळून, आणि डिप स्विच व जंपरचा (बोर्डावरची सेटिंगची छोटी बटणं आणि पिना). जुन्यावरचा पार्ट नंबर, त्याची रिव्हिजन आणि सप्लाय व्होल्टेज नव्याशी ताडून बघा. एकाच दिसण्याचे बोर्ड २४ व्होल्टचेही येतात आणि २३० व्होल्टचेही. चोवीसच्या बोर्डाला २३० दिले तर पुढचं सांगायची गरज नाही.

प्रत्येक वायरला नंबराची नळी घाला. ‘लाल इथे, काळी तिथे’ यावर भरवसा नको, कारण आधीच्या मिस्त्रीनं हाताला लागली ती वायर वापरलेली असते. कनेक्टर सोडवताना वायर ओढू नका. खाच दाबून प्लास्टिकला धरा. काळपट पडलेला किंवा वितळलेला कनेक्टर दिसला तर तो आणि वायरचं टोक, दोन्ही बदला. सैल जोड तापतो, तापून आणखी सैल होतो, आणि नव्या बोर्डाची पिन जाळतो.

बोर्डाखालचे प्लास्टिकचे पाय सगळे बसवा. एक पाय तुटला म्हणून तिथे लोखंडी स्क्रू लावला, आणि त्याचं डोकं मागच्या ट्रॅकला टेकलं, हा प्रकार दिसायला किरकोळ आहे. त्यानं बोर्ड जातो. बहुतारी वायर उघडी पिळून टर्मिनलमध्ये कोंबू नका, टोकाला फेरूल (धातूची छोटी नळी) दाबा. छोट्या टर्मिनलचा स्क्रू घट्ट हवा, पण जोर लावून नाही. पितळी आटे लगेच जातात.

फ्यूज त्याच रेटिंगचा आणि त्याच प्रकारचा. ‘टी’ म्हणजे सावकाश उडणारा, ‘एफ’ म्हणजे झटपट. चिनी मातीच्या फ्यूजच्या जागी काचेचा नको. मोठ्या शॉर्टमध्ये काच फुटते आणि विजेचा आर्क तसाच पेटत राहतो.

पहिल्यांदा वीज देताना हीटरच्या वायरी सोडवून ठेवा किंवा हीटरचे एमसीबी खाली ठेवा. आधी नुसता बोर्ड चालू करा, डिस्प्ले आणि सेन्सरचा आकडा बघा, फॅनची दिशा बघा. मग हीटर जोडा, क्लॅम्प मीटरनं प्रत्येक फेजचा करंट मोजा. एखाद्या फेजला करंट फारच कमी असेल तर हीटर गेलाय, बोर्ड नाही. रिकामा ओव्हन एक तास चालवून मगच ट्रे आत जाऊ द्या.

नवा बोर्ड बसवला, २०० वर सेट केलं, पण पाव करपतात. बोर्ड खराब आला का?

बहुधा सेटिंग राहिलंय. कंट्रोलरमध्ये सेन्सरचा प्रकार निवडावा लागतो. ओव्हनला के टाइप आहे आणि बोर्डात जे टाइप ठेवला, तर डिस्प्लेवर २०० दिसताना आत प्रत्यक्षात २६० च्या आसपास तापमान असतं. पाव करपणारच.

सेन्सरचा प्रकार, कमाल मर्यादा, अलार्म आणि ऑफसेट पहिल्यांदा तपासा. मग ऑटोट्यून करा (कंट्रोलर स्वतःच तापवण्याचं गणित बसवतो), आणि तो नेहमीच्या कामाच्या तापमानावर करा. टोस्ट सुकवायच्या तापमानावर ट्यून केलेला ओव्हन पावाच्या तापमानाला झुलत राहतो.

ओव्हन नीट चालू असतानाच सगळी पॅरामीटर वहीत लिहून ठेवा आणि एक प्रत पॅनेलच्या दाराला आतून चिकटवा. बोर्ड मेल्यावर ती वाचता येत नाहीत.

गॅस किंवा डिझेलचा बर्नर पेटतो आणि काही सेकंदांत लॉकआउट होतो. कंट्रोल बॉक्स गेला?

ज्वाला पेटूनही लॉकआउट होत असेल तर बॉक्सला ज्वाला दिसत नाही, एवढाच त्याचा अर्थ. गॅस बर्नरमध्ये ज्वाला ओळखणारा आयनायझेशन रॉड असतो आणि ज्वालेतून काही मायक्रोअँपिअरचाच करंट वाहतो. रॉडवर काजळी, चिनी मातीला तडा, बर्नरचं अर्थिंग सैल, यांतलं काहीही पुरतं. आणि एक कारण जे हमखास निसटतं: फेज-न्यूट्रल उलटे झालेले. दुकानात नवीन वायरिंग झालं, मीटर बदलला, जनरेटर जोडला, आणि दुसऱ्या दिवसापासून बर्नर लॉक होतो, तर आधी हेच बघा. डिझेल बर्नरला फोटोसेल असतो. त्याची काच मऊ कापडानं पुसा.

रीसेट दोनदा, फार तर तीनदा. दर वेळी न पेटलेला गॅस आत साठत जातो. एलपीजी हवेपेक्षा जड, तो खाली बसतो आणि चिमणीतून आपोआप निघून जात नाही. बर्नरचा कंट्रोल बॉक्स उघडून रिले बदलणं, टायमिंगशी खेळणं पूर्ण वर्ज्य आहे. तो बॉक्स सबंध बदलायचा. गॅसच्या नळीला हात लागला असेल तर साबणाच्या पाण्यानं गळती तपासा.

पावसाळ्यात बोर्ड जास्त का जातात?

पीठ कोरडं असताना फारसं करंट वाहू देत नाही. त्यात ओल मुरली की चित्र बदलतं. कणकुंबी-खानापूर पट्ट्यात जूनपासून महिनोन्‌महिने हवा ओली असते. रात्री ओव्हन थंड होतो, पहाटे बोर्डावर दव धरतं, आणि साखर-मीठ मिसळलेल्या पिठाचा थर २३० व्होल्टच्या दोन ट्रॅकमध्ये वाट करून देतो. बोर्डावर झाडाच्या फांद्यांसारखी काळी रेघ दिसली तर हेच झालंय. ऊब शोधत आलेली झुरळं आणि पाली यांचं काम तर याहून जलद.

केबल आत येते त्या भोकांना केबल ग्लँड बसवा, उरलेली बुजवा. रात्री कंट्रोलचा सप्लाय चालू ठेवला तर बोर्ड थोडा उबदार राहतो. हीटरचा मेन मात्र बंद. जुना, चांगला बोर्ड साफ करून कन्फॉर्मल कोटिंग (ओल अडवणारा पातळ थर) फवारता येतं, पण कनेक्टर आणि रिले झाकून. नव्यावर वॉरंटी असेपर्यंत फवारू नका.

पावसाळ्यात अर्थ लीकेजचा ब्रेकर ट्रिप होत असेल तर तो दोष बहुधा हीटरचा असतो. त्यातली पांढरी भुकटी ओल धरते. हीटर सोडवा, ५०० व्होल्टच्या मेगरनं (इन्सुलेशन तपासायच्या मीटरनं) तपासा. १ मेगओहमच्या खाली असेल तर सुकवा. मेगर लावण्यापूर्वी बोर्डाच्या सगळ्या वायरी काढा. एका बटणात बोर्ड मारायचा असेल तर मेगर पुरेसा आहे. ओव्हनच्या पत्र्याला वेल्डिंग करतानाही हाच नियम.

कंप्रेसरनं हवा मारून साफ करतो, चालेल ना?

नको. पीठ कनेक्टरच्या आत जातं, कंप्रेसरमधलं पाणी-तेल बोर्डावर बसतं, आणि बर्नर जवळ असेल तर हवेत उडालेलं पीठ पेट घेऊ शकतं. नरम ब्रश आणि व्हॅक्यूम वापरा. चिकट डागांना ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, वीज तोडून, आणि पूर्ण सुकेपर्यंत थांबून. पॅनेलच्या पंख्याची जाळी दर आठवड्याला. बहुतेक कंट्रोलर ५० ते ५५ अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात, आणि भट्टीच्या बाजूला मे महिन्यात पंखा तुंबला तर तो आकडा सहज ओलांडला जातो. पॅनेल आणि भट्टी यांच्यात पत्र्याचा आडोसा हवा असेल तर बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत कुठेही वाकवून मिळतो.

लाइट ये-जा करते. स्टॅबिलायझर पुरे का?

कमी-जास्त व्होल्टेजला पुरतो. न्यूट्रल तुटण्याला नाही. तीन फेजच्या जोडणीत न्यूट्रल सुटला की सिंगल फेजवरच्या बोर्डाला ४०० च्या जवळ व्होल्टेज जाऊ शकतं. बोर्डावरची गोल चकती फुटलेली आणि फ्यूज काळा पडलेला असेल तर तो बोर्ड हाय व्होल्टेजनं गेला. त्यासाठी ओव्हर-अंडर व्होल्टेज रिले, पॅनेलमध्ये टाइप २ चा सर्ज प्रोटेक्टर आणि नीट अर्थिंग लागतं. अर्थ आणि न्यूट्रलमध्ये लोडवर दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर वायरमनला बोलवा. लाइट आल्या क्षणी पहिला धक्का बसू नये म्हणून एक ते तीन मिनिटांचा ऑन-डिले टायमर लावा. दोष खांबाकडचा वाटला तर हेस्कॉमला (वीज कंपनीला) १९१२ वर कळवा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या.

दुरुस्त करावा की नवा घ्यावा?

फुगलेला कपॅसिटर, जळालेला रिले, सुटलेला सोल्डर, एवढंच असेल तर दुरुस्त करा. कपॅसिटर १०५ अंशांचाच टाका, ८५ चा नको. रिलेचं कॉइल व्होल्टेज आणि पॉइंटचं अँपिअर जुळवून घ्या. सुटे भाग पुण्याच्या बुधवार पेठेत, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला, बंगळूरच्या एसपी रोडला मिळतात. ट्रॅक जळून कोळसा झालेला किंवा मुख्य चिप गेलेली असेल तर वेळ घालवू नका. बर्नर आणि सेफ्टीशी संबंधित बोर्ड मात्र नेहमी नवा आणि मूळ कंपनीचाच.

गणपती, दिवाळी आणि नाताळ या तीन हंगामांआधी एक बोर्ड, एक सेन्सर आणि एक सॉलिड स्टेट रिले कपाटात असू द्या.

मायक्रोवेव्ह जोडलेला झटपट ओव्हनही असाच उघडता येतो का?

नाही. त्याच्या कपॅसिटरवर हजारो व्होल्ट असतात आणि दाराचे इंटरलॉक चुकले तर किरणं बाहेर येतात. कंपनीचा प्रशिक्षित माणूसच बोलवा.

जुन्या बोर्डाचं काय करायचं?

सहा महिने ठेवा. फोटोपेक्षा प्रत्यक्ष बोर्ड दाखवून सुटा भाग लवकर मिळतो. नंतर परवानाधारक ई-कचरा केंद्राला द्या. ई-कचरा व्यवस्थापन नियम २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. तांब्यासाठी बोर्ड भट्टीत जाळू नका, त्यातून शिसं आणि विषारी धूर निघतो, आणि त्याच भट्टीत दुसऱ्या दिवशी पाव जायचे असतात.